भावकीतल्या माणसाने आपल्या नावावर कर्ज काढलं असेल तर

"मूरु कंतु बाकी इदे, सार."

दुपारचे तीन वाजले असतील, मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर होतो. तीन हप्ते थकलेत एवढं कानडी इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. राँग नंबर म्हणून फोन ठेवणार, तोच त्याने माझं नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, खानापूर तालुक्यातल्या गावासकट. मी म्हटलं, मी तुमच्याकडून काहीच घेतलेलं नाही. तो म्हणाला, पहिला नंबर बंद येतोय म्हणून या नंबरावर केला. पहिला नंबर कुठला, तर त्याने एकेक आकडा सावकाश सांगितला. शेवटचे चार ऐकून मी मशीन बंद केलं. तो नंबर माझ्या चुलतभावाच्या मोबाईल दुकानातला होता.

ते सगळं निस्तरायला आठ महिने लागले. त्यातले तीन मी स्वतःच्या मूर्खपणाने घालवले. तुमचे तेवढे वाचावेत म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाला कुठल्या दारात आधी जायचं आणि तिथे कुठला कागद मागायचा, एवढं आता पाठ झालंय.

माझा मूर्खपणा आधी सांगतो. त्याच संध्याकाळी मी गाडी काढून थेट गावी काकांकडे गेलो. भाऊ आधी नाही म्हणाला, मग रडला. "दादा, मी भरुलोय की हप्ते. दोन महिने धंदा बसला म्हणून राहिलं, तू कशाला टेन्शन घेउलास?" काकूंनी चहा ठेवला. त्या महिन्याचा हप्ता त्याच्याकडे नव्हता, तो मी माझ्या खात्यावरून भरला. रात्री घरी येईपर्यंत त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरचे माझे आधारचे फोटो, दुकानातल्या कॉम्प्युटरमधली फाईल, सगळं पुसून टाकलं होतं. आणि पुढे मी कंपनीला "हे कर्ज माझं नाही" असं लिहिलं, तेव्हा त्यांचं पहिलं उत्तर आलं: मग हप्ता तुमच्या खात्यातून कसा आला?

म्हणून पहिली गोष्ट ही. कर्ज देणाऱ्याशी असलेला तुमचा हिशोब आणि भावकीशी असलेला हिशोब हे दोन वेगळे धरा, आणि कर्ज देणाऱ्याचा आधी उरका. पहिले चार-पाच दिवस त्या माणसाला कळूसुद्धा देऊ नका. आणि एक रुपयाही भरू नका, "एवढ्या महिन्याचं भागव" असं कुणीही म्हणालं तरी. भरलेला हप्ता म्हणजे कर्ज तुम्हाला मान्य होतं, असं समोरचा म्हणणारच.

फोन आला त्या दिवशी

फोन करणारा खराच वसुलीवाला आहे, असंही धरून चालू नका. कंपनीचं नाव, कर्ज खात्याचा नंबर आणि त्याचं नाव लिहून घ्या, आणि फोन ठेवा. ओटीपी, आधार नंबर, जन्मतारीख काही सांगायचं नाही. "माझंच आहे पण" अशी सुरुवातसुद्धा करायची नाही, हे फोन रेकॉर्ड होतात. एक वही करा. तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं. माझी वही शाळेतल्या पोराची उरलेली चौकटी वही होती. पुढे ठाण्यात साहेबांनी सगळ्यात आधी ती वाचली.

तुमच्या खात्यातून आत्ताच, आजच पैसे गेले असतील, तर गोष्ट वेगळी. मग बाकी सगळं बाजूला ठेवून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा आणि बँकेला कळवा. तिथे तासांचा प्रश्न असतो. जुन्या कर्जात तेवढी धावपळ नसते.

चार रिपोर्ट काढा, एक नव्हे

लोक "सिबिल" म्हणतात, पण अशा कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा, कारण एकीत असलेलं खातं दुसरीत असेलच असं नाही. बायकांच्या बचत गटांची, मायक्रोफायनान्सची कर्जं बघायची असतील तर क्रिफ हाय मार्क चुकवू नका. थेट त्या कंपन्यांच्या साईटवरून काढा. फुकट स्कोअर दाखवणारी ॲप पुढे कर्जाच्याच जाहिराती पाठवत बसतात.

रिपोर्टात सगळे स्कोअर बघतात. तुम्ही तीन वेगळ्या जागा बघा. एक, तुमच्या नावापुढे कुठकुठले मोबाईल नंबर आणि पत्ते लागलेत. माझ्या नावापुढे चार नंबर होते, त्यातले दोन माझे. दोन, खात्यांची यादी: कधी उघडलं, किती रक्कम, किती दिवस थकलं. तीन, चौकशीची यादी, म्हणजे तुमच्या नावाने कुणी कुणी रिपोर्ट मागवला. कर्ज मिळालं नसलं तरी अर्ज केला होता हे तिथे दिसतं. मला एका कर्जाचा फोन आला होता. चौकशीच्या यादीत मात्र पाच कंपन्या होत्या, आणि पहिली तारीख वसुलीच्या फोनच्या दीड वर्ष आधीची. "एकदाच चुकलो दादा" हे तिथेच संपलं.

चारही पीडीएफ जपून ठेवा, प्रिंट काढा, परक्या नोंदींवर पेनने गोल करा.

रिपोर्टात न दिसणारं

आमच्या भागात खरा घोळ इथे असतो. प्रत्येक गल्लीत एक सोसायटी, प्रत्येक गावात एक पीकेपीएस, म्हणजे शेतकऱ्यांची प्राथमिक कृषी पतसंस्था. या सगळ्यांच्या कर्जाची, आणि त्याहून जास्त जामीनकीची, नोंद चार कंपन्यांकडे जातेच असं नाही. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. नातेवाईक ज्या सोसायटीत पिग्मी भरतो, जिथे त्याची ऊठबस आहे, तिथे स्वतः जाऊन लेखी विचारा: माझ्या नावाने सभासदत्व, कर्ज किंवा जामीन आहे का? तोंडी विचारलं तर "नाही हो, असं कसं" म्हणतात. लेखी विचारलं की रजिस्टर उघडतं.

शेती असेल तर उतारा काढा. आपण बोलताना उतारा म्हणतो, कर्नाटकात कागदावर तो पहाणी किंवा आरटीसी. भूमी या जमीन नोंदींच्या सरकारी साईटवर किंवा नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, मिळतो. त्यातला नववा रकाना मालकाचा, अकरावा बोजाचा. वर "ऋणगळु" असं छापलेलं असतं, म्हणजे आपलंच ऋण. पीककर्ज, सोसायटीचा बोजा तिथे चढतो. कन्नड लिपी लागत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला दाखवा. मराठी शाळेतलं पोरही कन्नड वाचतं, मोठ्यांचाच प्रश्न आहे. सामाईक उताऱ्यात भावकीची पाच-सहा नावं एकाखाली एक असतात. बोजा नेमका कुणाच्या हिश्श्यावर चढलाय ते नीट वाचून घ्या. घर-प्लॉटवर गहाणखत झालंय का हे नोंदणी खात्याच्या कावेरी साईटवरून ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढला की कळतं.

आई, आजी, चुलती यांच्याबाबत आणखी एक. गृहलक्ष्मी या कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या योजनेचे २००० रुपये नेमके कुठल्या खात्यात जातात ते बघा. अशा योजनांचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतात, आणि कुठली बँक जोडली आहे ते मायआधारच्या साईटवर दिसतं. "आज्जे, पैसे आलेच नाहीत अजून" असं नातू सांगतो आणि आजीला जोडलेलं खातंच माहीत नसतं, हे मी एका घरात डोळ्यांनी पाहिलंय. त्या नातवाचा फोन मात्र नवा होता.

ज्यांचा जीएसटीशी संबंध नाही त्यांनीही जीएसटीच्या साईटवर आपला पॅन टाकून बघावा. तुमच्या पॅनवर कुणी दुकान नोंदवलं असेल तर तिथे दिसतं. आयकराच्या साईटवर वार्षिक माहितीपत्रक बघा, न उघडलेल्या खात्याचं व्याज तिथे चमकून जातं.

ओटीपी कुणाच्या हातात आहे

प्रत्येक घरात एक मोबाईलमधलं कळणारा असतो. गॅसचं केवायसी, रेशनकार्ड, पोरांची स्कॉलरशिप, सगळ्यांचे अर्ज तोच भरतो. आमच्या घरात तो भाऊ होता. भाताच्या कणगीवर एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये अख्ख्या भावकीच्या झेरॉक्स असायच्या, पासपोर्ट फोटो पिना मारून तयार. आणि आधारला नंबर कुणाचा? "तुझाच टाक रे, आम्हाला कुठं मेसेज वाचता येतोय."

म्हणून मायआधारवर आपल्या आधारला कुठला नंबर आहे ते तपासा. दुसऱ्याचा असेल तर आधार केंद्रावर जाऊन, बोट ठेवून, स्वतःचा लावा. हे काम बाकी सगळ्याच्या आधी, कारण नंबर त्याचा आहे तोवर तुम्ही लावलेलं प्रत्येक कुलूप तो उघडू शकतो.

मग बायोमेट्रिक लॉक करा. म्हणजे बोट, डोळा, चेहरा वापरून कुणी काही करू शकत नाही. पण महिन्याला रेशन दुकानात अंगठा लागत नाही म्हणून गोंधळ होईल. त्या दिवशी तात्पुरतं उघडा, पुन्हा लॉक करा. आधार कुठे कुठे वापरला गेला याची मागच्या सहा महिन्यांची यादीही तिथेच मिळते. ती लगेच उतरवून घ्या, दिवस गेले की जुन्या नोंदी दिसत नाहीत.

संचार साथीच्या साईटवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते कळतं. माझ्या नावावर सहा निघाली. माझी दोन, बायकोचं एक मीच काढून दिलेलं. उरलेल्या तिन्हींपुढे "माझा नंबर नाही" हा पर्याय दाबला. पण त्याआधी स्क्रीनचा फोटो काढला. नंबर बंद झाला की पुरावाही जातो.

फाईल मागा

आता कर्ज देणाऱ्याकडे. फोनवर नाही, कस्टमर केअरच्या चॅटवर तर अजिबात नाही. लेखी. शाखा बेळगावात असेल तर दोन प्रती घेऊन जा, एक द्या, दुसरीवर शिक्का, सही, तारखेसह पोच घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका. तिथून पोस्टात जा आणि स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, शिवाय कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव-पत्ता कंपनीला साईटवर द्यावाच लागतो.

पत्रात दोनच गोष्टी. हे कर्ज मी घेतलेलं नाही, माझ्या कागदांचा गैरवापर झाला आहे, वसुली थांबवून चौकशी करा, ही पहिली. दुसरी, कर्जाच्या फाईलची पूर्ण प्रत द्या: मूळ अर्ज, केवायसीचे कागद, फोटो, करारावरची सही, ओटीपी कुठल्या नंबरावर गेला, व्हिडिओ केवायसी झालं असेल तर त्याचं रेकॉर्डिंग, आणि पैसे कुठल्या खात्यात जमा झाले. फ्रिज-टीव्हीचं कर्ज असेल तर दुकानाचं बिल आणि माल कुठे पोचवला तो पत्ताही. पत्रात नातेवाईकाचं नाव घालायचं की नाही? मी पहिल्या पत्रात घातलं नाही. "मला काही माहिती मिळाली आहे, ती पोलिसांना देईन" एवढंच लिहिलं. आधी त्यांची फाईल काय बोलते ते बघायचं होतं.

फाईल यायला पाच आठवडे लागले, तिसऱ्या स्मरणपत्रानंतर. आली तेव्हा बायको आणि मी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरली. फोटो माझाच, पण भावाच्या वास्तुशांतीत काढलेल्या ग्रुप फोटोतून कापलेला. खांद्यावर काकांचा हात अर्धा दिसत होता. आणि सही इंग्रजीत होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. मी सातवीपासून आजवर इंग्रजीत सही केलेली नाही. बँकेत, पॅनकार्डावर, लग्नाच्या नोंदणीत, सगळीकडे देवनागरीतच. बेळगावात वाढलेल्या पुष्कळ मराठी पोरांचा हा एक हट्ट असतो, कर्नाटकात गेलो ते १९५६ साली पण सही आपली. त्या हट्टाचा इतका रोख उपयोग कधी होईल असं वाटलं नव्हतं. पॅनकार्डाची प्रत, बँकेतल्या सहीच्या नमुन्याचा दाखला आणि कंपनीची पुसट झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवली. मला तेव्हा शब्दच लागले नाहीत.

शेवटच्या पानावर ओळखीची व्यक्ती म्हणून एक नाव होतं. भावाचं. नात्यापुढे लिहिलं होतं: ब्रदर.

तुमच्या फाईलमध्ये इतकं उघड काही नसेल. पण पैसे ज्या खात्यात गेले तो नंबर असतोच. सही नाकारता येते, फोटोचं काहीबाही सांगता येतं. पैसे त्याच्या खात्यात गेले हे मात्र कुणाला पुसता येत नाही. फाईल मिळेपर्यंत दम धरा तो त्यासाठी.

पत्र दिलं त्याच दिवशी चारही क्रेडिट कंपन्यांकडे त्या नोंदीवर हरकत नोंदवा. त्या स्वतः काही खोडत नाहीत, कर्ज देणाऱ्याला विचारतात. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रक्कम मोठी नाही, पण पत्रात हे वाक्य घातलं की उत्तराचा सूर बदलतो.

ठाण्याची पायरी

इथे प्रत्येकजण अडखळतो. भावावर केस? गावात काय म्हणतील? मी सांगू शकतो ते इतकंच: एफआयआर नसेल तर पुष्कळ कंपन्या नोंद खोडायला तयार होत नाहीत. "घरच्यानेच केलंय म्हणजे तुमची संमती असेल" असं म्हणायला त्या मोकळ्या राहतात. जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण हे माहीत असू द्या.

बेळगाव शहर आणि लगतचा भाग पोलीस आयुक्तालयाकडे, खानापूर-निपाणी-चिकोडीकडचं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. कर्ज ॲपवरून, ऑनलाईन काढलेलं असेल तर सीईएन ठाणं, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारं. कागदावर काढलेलं असेल तर आपलं नेहमीचं ठाणं. शाखा कोल्हापूर किंवा सांगलीची असली तरी इथल्या ठाण्याने हद्द नाही म्हणून परत पाठवायचं नसतं. शून्य एफआयआर नोंदवून पुढे धाडता येते.

तक्रार मराठीत लिहून नेली तरी सोबत कन्नड प्रत ठेवा. कोर्टाबाहेर टाइप करणारे करून देतात. यात मान-अपमान आणू नका, तो लढा वेगळा आहे. इथे तुम्हाला तपास करणाऱ्या हवालदाराने दुसऱ्या दिवशीही तक्रार वाचायला हवी आहे. मात्र एफआयआर कन्नडमध्ये लिहिली जाईल, तेव्हा सहीआधी ती वाचून दाखवायला सांगा आणि कळेपर्यंत सही करू नका. वाचून दाखवणं कायद्यातच लिहिलंय. प्रतही फुकट मिळते. मला वाचून दाखवली तेव्हा तिसऱ्या ओळीत "माझ्या भावाला दिलेल्या कागदांवर" असं आलं होतं. मी म्हटलं, दिलेल्या नाही साहेब, त्याच्याकडे असलेल्या. शब्द एकच, पण त्यावर संमती उभी राहते. त्यांनी मुकाट्याने बदललं.

"घरचं मॅटर आहे, सिव्हिल आहे, आपसात बघा" हे तुम्हाला ऐकावं लागेल. मग एक छोटा कागद हातात देतात, त्याला एंडॉर्समेंट म्हणतात. तो एफआयआर नव्हे. एफआयआरला क्राईम नंबर आणि साल असतं. नोंदवून घेतच नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने, अधीक्षकांकडे किंवा शहरात आयुक्तालयात पाठवा. तरीही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. काही गुन्ह्यांत पोलीस आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात, तेवढं थांबावं लागलं तर तक्रार बुडाली असं समजू नका.

कलमं पोलीस लावतात, पण नावं कानावर असू द्या. १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्याला भारतीय न्याय संहिता: फसवणूक ३१८, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक ३१९, बनावट कागद ३३६, तो खरा म्हणून वापरणं ३४०. त्याआधी कर्ज काढलं असेल तर जुनी दंड संहिता, ४१९, ४२०, ४६८, ४७१. दुसऱ्याची ओळख, सही, पासवर्ड ऑनलाईन वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

हे सांगायचं कारण पुढे येतं. फसवणुकीचं कलम कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटतं. बनावट कागदाचं तसं मिटत नाही, त्याला हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठापर्यंत जावं लागतं. "केस घाल, नंतर मागे घेऊ" असं कुणी सहज म्हणत असेल तर त्याला हे माहीत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. बाईला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

मग घरची बैठक

हे सगळं कागदावर आलं की मगच काकांच्या सोप्यात बसा. बैठक होणारच, ती टाळता येत नाही. थोरले मामा, गल्लीतला एखादा पंच, आणि "पोराचं लग्न व्हायचंय अजून" असं म्हणणारी एक आत्या. त्यांच्यावर रागवू नका. त्यांना रिपोर्ट म्हणजे काय ते माहीत नाही. मी आत्याला एवढंच सांगितलं, की माझं घराचं कर्ज नामंजूर झालंय, भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं आहोत. ती गप्प बसली.

बैठकीत बॉण्ड निघतो. तो बॉण्ड हाच सगळ्यात मोठा सापळा. आमच्याकडे आलेल्या मसुद्यात लिहिलं होतं, "उभयतांच्या संमतीने काढलेलं कर्ज लहान भाऊ फेडेल." वाचायला गोड. पण उभयतांच्या संमतीने या दोन शब्दांनी माझी कंपनीकडची तक्रार, ठाण्यातली तक्रार, दोन्ही खोटी ठरली असती. लिहायचंच असेल तर त्याने लिहावं: मी, न विचारता, अमुक कागद वापरून, अमुक रक्कम घेतली. तुम्ही सही करायची तर साक्षीदार म्हणूनसुद्धा नको, वकिलाला दाखवल्याशिवाय.

दुसरी फसगत "सेटलमेंट". भाऊ थोडे पैसे भरून कंपनीशी तडजोड करतो, कर्ज बंद होतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण रिपोर्टात "सेटल्ड" असा शेरा बसतो, आणि थकलेले महिनेही तसेच. पुढे बँकेचा माणूस तो शेरा बघून मान हलवतो. त्यामुळे त्याने पैसे भरले तरी तुमची मागणी तीच ठेवा: खातं बंद नको, माझ्या नावावरून काढून टाका.

वसुलीवाले दारात आले तर

मायक्रोफायनान्सच्या कर्जाला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर, इतर कर्जांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ओळखपत्र मागा, वहीत नोंद करा, तक्रारीची पोच दाखवा. बिगरनोंदणी सावकारी कंपनी असेल तर २०२५ साली कर्नाटकाने अशा जबरदस्तीविरुद्ध कायदा केलाय. धमकी आली तर ११२.

तीस दिवसांनंतर

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. वकील लागत नाही. १४४४८ वर मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही. पोचेची प्रत, फाईल, सहीचे नमुने, एफआयआर, सगळं जोडा. क्रेडिट कंपन्यांविरुद्धची तक्रारही तिथेच.

पण सोसायट्या लोकपालाकडे येत नाहीत, आणि आमच्याकडची अर्धी भानगड सोसायट्यांतच असते. पाटी नीट वाचा. साधी सहकारी संस्था असेल तर १९५९ च्या कर्नाटक सहकार कायद्याखाली, सहकार खात्याच्या निबंधकांकडे. पाटीवर "सौहार्द" असेल तर तिचा कायदा १९९७ चा, वेगळा. "मल्टिस्टेट" असेल तर केंद्रीय निबंधक दिल्लीला. निपाणीकडच्या बऱ्याच संस्था दोन्ही राज्यांत शाखा ठेवून आहेत, त्या या तिसऱ्या प्रकारातल्या. चुकीच्या दारात अर्ज टाकलात तर तो तिथेच धूळ खात पडतो.

माझी नोंद सातव्या महिन्यात निघाली. मी पेढे आणले. पुढच्या महिन्यात सहज रिपोर्ट काढला तर ती पुन्हा तिथेच. कंपनीने आपल्या बाजूला खातं बंद केलं नव्हतं, नेहमीची माहिती पाठवताना तेही परत गेलं. पुन्हा हरकत, पुन्हा पोच, आणखी सव्वीस दिवस. म्हणून नोंद गेल्यावर दोन महिने दर पंधरवड्याला बघत राहा, आणि कंपनीकडून "या व्यक्तीकडे आमचं काही येणं नाही, खातं फसवणुकीचं होतं" असं लेटरहेडवर लिहून घ्या. ते पत्र घराच्या कर्जाच्या वेळी बँकेने दोनदा मागितलं.

झेरॉक्सवर आता मी तारीख आणि कशासाठी ते आडवं लिहितो, आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत देतो. कणगीवरची फाईल मी त्या बैठकीच्याच दिवशी उचलून आणली. भावकीतल्या अकरा जणांचे कागद होते. प्रत्येकाच्या घरी जाऊन ज्याचे त्याला दिले, आणि प्रत्येकाला आपापला रिपोर्ट काढायला बसवलं. दोघांच्या चौकशीच्या यादीत त्याच कंपन्या निघाल्या. त्यांतली एक आत्या.